तारप्याला पाठ दाखवायची नाही

डहाणू रोडला उतरले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. २०१३ पासून लोकल इथवर यायला लागली, त्यामुळे मुंबईकरांना डहाणू आता लांब वाटत नाही. खरा प्रवास स्टेशनच्या पूर्वेकडून सुरू होतो. जीपच्या मागच्या बाकांवर आम्ही सातजण, मांडीवर पिशव्या, पायांत कोंबड्यांची एक टोपली, आणि ड्रायव्हरच्या स्पीकरवर एकच गाणं पुन्हा पुन्हा. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा कानाला जाणवलं, त्या ढणढणाटाच्या तळाशी एक चाल आहे. गोल गोल फिरणारी, कुठेही दम न घेणारी.

"तारपा हाय तो," शेजारची बाई म्हणाली. "कॅसिओवर वाजवलाय. लग्नात आता हाच लावतात."

मी तारपाच ऐकायला निघाले होते. माणसाने फुंकलेला.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. खाचरांत कापलेल्या भाताची बुडखी, खळ्यांवर भारे, हवेत पेंढ्याचा वास. वारल्यांचा तारपा याच दिवसांत वाजतो. वर्षभर भिंतीला टांगून ठेवलेलं वाद्य नवं भात घरात यायच्या सुमाराला खाली उतरतं. वाटेत गंजाड लागलं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं गाव. १९३४ चा जन्म, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये गेले. त्यांच्याआधी वारली चित्र म्हणजे लग्नाचा चौक, आणि तो सवाशिणींच्या हातचा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मध्ये पालघाट देवी. वारली बाया चौक काढला असं म्हणत नाहीत, चौक लिहिला म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रं बाहेरच्या जगासमोर आणली, मग कागद आला, कापड आलं, पुरुषांचे हात आले. मशेंच्या चित्रांतलं ते तारप्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं आज साड्यांवर आहे, कपांवर आहे, हॉटेलांच्या भिंतींवर आहे. आमच्या ड्रायव्हरच्या मोबाइलच्या कव्हरवरही होतं.

कासा ओलांडून पुढे एका फाट्यावर उतरले. तिथून पाऊण तास चालत. ज्या पाड्यावर गेले त्याचं नाव लिहीत नाही. तशी विनंती होती, आणि तिचं कारण मला पटलं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी इथल्या नाचाचा व्हिडिओ टाकला, तो खूप पाहिला गेला, आणि मग शनिवार-रविवारी गाड्या यायला लागल्या. भर दुपारी, भर पावसाळ्यात. "नाचून दाखवा, पैसे देतो." पावसात तारपा वाजवायचा नाही हे सांगून सांगून म्हातारी माणसं थकली. एकाने तर नको म्हणत असताना देवघराच्या भिंतीचा फोटो काढला. त्यानंतर पाड्याने ठरवलं: पाहुणा येईल तो कुणाच्या तरी ओळखीने, आणि नाव बाहेर जाणार नाही. माझी ओळख जवळच्या आश्रमशाळेतल्या एका शिक्षिकेची.

"जोहार," तारपकरी काकांनी हात जोडले. सत्तरीच्या आसपासचे, सडसडीत, खळ्याच्या कडेला उकिडवे बसलेले. "जोहार काका," मी म्हटलं. या अभिवादनाचीही एक गोष्ट शिक्षिकाताईंनी वाटेत सांगितली होती. त्यांच्या लहानपणी पाड्यावर सगळे एकमेकांना "राम राम"च म्हणायचे. जोहार रोजच्या बोलण्यात पक्का झाला तो अलीकडे, आणि त्यात फोनचा वाटा मोठा. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला आता पोरांच्या स्टेटसवर झारखंडचे, नंदुरबारचे, गडचिरोलीचे नाच दिसतात. दुसऱ्या डोंगरात आपल्यासारखी माणसं आहेत, हे त्यांच्या आज्यांना ऐकून माहीत होतं. पोरांना ते रोज दिसतं. मोबाइलने सगळं बुडवलं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

काकांनी तारपा आणून दाखवला. वाळवलेल्या दुधी भोपळ्याचं पोट, त्यात मेणाने घट्ट बसवलेल्या दोन नळ्या, आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळत गुंडाळत केलेला कर्णा. मेण मधमाश्यांचंच लागतं. काकांनी अंगठ्याने ते दाबत एक बारीक फट बुजवली, फुंकून पाहिलं, परत दाबलं. ऊन लागलं की मेण सैल होतं, थंडीत आक्रसतं, म्हणून वाजवण्याआधी हे रोजचंच. तो अंगठा मी जवळून पाहिला. कातडी गुळगुळीत, चकचकीत झालेली. गेल्या वर्षी रेशनच्या मशीनवर हाच अंगठा उमटत नव्हता. तीन खेपा घातल्या, दर वेळी पाच मैल चालून. शेवटी सुनेचा अंगठा चालला आणि तांदूळ मिळाले. "मशीन बोलतं, हा माणूस नाय," काका म्हणाले आणि पुन्हा मेणाकडे वळले. मला पुढे बराच वेळ काही विचारता आलं नाही.

त्यांचा नातू सतरा-अठरा वर्षांचा. कॅनव्हासवर वारली चित्रं काढतो, फोनवर ऑर्डर घेतो, कुरिअरने पाठवतो. महिन्याचं घर चालायला त्याची मदत होते. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं हे त्याला ठाऊक आहे, आणि शहरातले छापखाने तरीही नक्षी उचलून सर्रास छापतात हेही. गिऱ्हाइकं काय मागतात, मी विचारलं. "तारपा नाच. दुसरं काय काढलं तरी बोलतात, तारपा नाच टाका." मग थोडा थांबून म्हणाला, "हजारदा काढला असेल ताई. नाचलो चार-पाचदा."

का, ते त्याने पाड्यामागच्या टेकाडावर नेऊन दाखवलं. मोहाच्या झाडाखाली एक सपाट खडक आहे, नेटवर्क फक्त तिथेच येतं. संध्याकाळी तिथे दहा-बारा पोरं-पोरी बसली होती. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, कारण सिग्नल जिकडून येतो तिकडे फोन धरावा लागतो. कुणी मॅच पाहत होतं, कुणी वाडा-भिवंडीकडच्या कारखान्यात गेलेल्या भावाशी बोलत होतं, एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाची यादी उघडायचा प्रयत्न करत होती आणि पान अर्ध्यावर अडकत होतं. हीच वेळ तारप्याची. पूर्वी खळ्यावरून पहिला सूर आला की याच वयाची पोरं धावत जायची. आता सूर टेकाडावर पोचतो, पण खाली गेलं की नेटवर्क जातं.

नातवाला तारपा शिकायचा होता. पहिल्यांदा तो फोनवरून शिकला. आजोबांचा व्हिडिओ काढायचा, हळू करून बोटं बघायची, कुठलं भोक कधी उघडतं ते लक्षात ठेवायचं. बोटं बसली. श्वास बसेना. तारपा वाजवताना सूर तुटू द्यायचा नसतो. गालात कोंडलेली हवा बाहेर जात असतानाच नाकाने नवी आत घ्यायची. हे व्हिडिओत दिसतच नाही, कारण ते गालाच्या आत चालतं. शेवटी आजोबांनी त्याला पपईच्या पानाचा पोकळ देठ दिला आणि पाण्याने भरलेला तांब्या. देठ पाण्यात बुडवून फुंकायचं, बुडबुडे थांबता कामा नयेत. तो फुंकत असताना आजोबा त्याच्या गालावर तळहात ठेवून बसायचे, आणि नाकाने घे म्हणायच्या जागी हलकेच दाबायचे. दोन महिने असं. मी गेले त्या दिवशी त्याने मला तांब्यातले बुडबुडे करून दाखवले. मी मनात शंभर मोजले, बुडबुडे चालूच होते. आजोबा त्याच्याकडे बघत नव्हते, नुसते ऐकत होते.

संध्याकाळी पाड्यावरच्या धवलेरी आजींकडे गेले. वारली लग्नात भटजी नसतो, लग्न लावते ती धवलेरी, गाऊन. चौक लिहिला जात असताना देवांना लग्नाला बोलावण्याचं गाणं तिचं. आजींची नात ती गाणी फोनमध्ये साठवते आहे, कारण पाड्यावर दुसरी धवलेरी नाही. माझ्यासमोर तिने रेकॉर्डिंग सुरू केलं. आजी डोळे मिटून गायला लागल्या. खालच्या पट्टीतला, लांबत जाणारा आवाज, घरात एकदम शांतता. चार-पाच मिनिटांनी मध्येच थांबल्या. "पुढे गा ना आजी," नात म्हणाली. "पुढे कसा गाऊ? देवांना बोलवायचा आन् घरात लगीन नाय. ते आले मंग त्यांना काय सांगू?"

नात हट्टाला पेटली नाही. तिने मला सांगितलं की असे अर्धे तुकडे तिच्याकडे बरेच झालेत. उरलेलं ती खऱ्या लग्नात, आजींच्या शेजारी बसून घेते. पण लग्नात बाहेर डीजे असतो. गेल्या उन्हाळ्यातल्या एका रेकॉर्डिंगमध्ये आजींचा आवाज जवळजवळ बुडून गेला आहे. तिने ते ऐकवलं. आत आजी देवांना बोलावताहेत आणि बाहेर तेच जीपमधलं गाणं वाजतंय. तिने वरपक्षाच्या लोकांना हात जोडून सांगितलं होतं, चौक होईपर्यंत एक तास बंद ठेवा. डीजेवाल्याचे पैसे तासावर होते, कुणी ऐकलं नाही. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. यात स्पीकरचा दोष किती आणि ऐकायचं नाही असं ठरवलेल्या माणसांचा किती, हे मला तिथे बसून अगदी स्पष्ट दिसत होतं.

रात्री जेवणं झाल्यावर खळ्यावर तारपा लागला. आधी चार-पाच म्हाताऱ्या बायाच उठल्या, कमरेत हात गुंफून. पुढचा माणूस घोळकाठी जमिनीवर आपटत होता, काठीवरच्या चकत्या खणखणत होत्या. चित्रात काय दिसतं आणि खरं काय असतं, ते तेव्हा कळलं. चित्रात तारपकरी मधोमध थांबलेला असतो. खळ्यावर तो थांबत नाही. तो मागे सरकतो, अर्धा वळतो, एकदम दिशा बदलतो, आणि अख्खी रांग त्याच्या तोंडाकडे तोंड ठेवून वळते. तारप्याला पाठ दाखवायची नाही, एवढाच नियम. काकांनी चाळा, म्हणजे तारप्याची धून, बदलला की पावलं बदलत. मोराचा चाळा लागला तसे गुडघे वाकले, माना पुढे आल्या. एक बाई दमली हे काकांना रांगेकडे बघूनच समजलं असावं, कारण त्यांनी पुढचा चाळा सावकाश घेतला. जीपमधलं गाणं सव्वाचार मिनिटांनी संपायचं, कुणी दमलेलं असो वा नसो.

मी कडेला उभी राहून फोनवर रेकॉर्ड करत होते. विचारून, परवानगी घेऊन. टेकाडावरून एकेक बॅटरी खाली येताना दिसली. नर्सिंगच्या यादीवाली मुलगी आली, तिच्यामागे तिघं. यादी उघडली का, मी विचारलं. "उद्या बघते," म्हणाली आणि रांगेच्या शेपटीला जाऊन जोडली गेली. थोड्या वेळाने काकांनी तारपा नातवाच्या हातात दिला. पहिल्या वळणावर सूर फाटला, रांग क्षणभर अडखळली, घोळकाठी तेवढी चालू राहिली. त्याने पुन्हा धरला. यावेळी टिकला. काका रांगेत शिरले, नातवाकडे तोंड करून.

तेवढ्यात धवलेरी आजींनी माझा हात धरून ओढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या लोकलमध्ये, वाणगाव गेल्यावर, मी ते रेकॉर्डिंग लावलं. तारपा जवळ येतो, लांब जातो, परत येतो. काका माझ्याकडे पाठ करून वळले की आवाज एकदम मऊ होतो. विसाव्या मिनिटाला नातवाचा फाटलेला सूर आहे. त्याच्यानंतर थोड्याच वेळात आजींचा "चल गं" असा आवाज, आणि मग पुढची सत्तेचाळीस मिनिटं फक्त खिशातल्या कापडाची खसखस आणि पावलं.