मोठे खेळाडू पितात, मग पोरांना काय सांगायचं?

आमचं उन्हाळी क्रिकेट शिबिर सुरू झालं की कोणी ना कोणी पालक मला बाजूला घेऊन हे विचारतातच. "सर, तुम्ही पोरांना रोज सांगता, खेळाडूनं दारूपासून लांब राहायचं. पण टीव्हीवर तर कप जिंकला की शॅम्पेन उडवतात. पिणारे खेळाडू शतकंही ठोकतात. मग घरी आम्ही कुठल्या तोंडानं सांगायचं?" प्रश्न रास्त आहे. नेट्स चालू असताना उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहितो.

आधी एक विनंती. पोरांशी खोटं बोलू नका. "दारू प्यायली की खेळ संपला" असं सांगितलंत, तर सातवीतलं पोरगंही मोबाइलवर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज डेव्हिड बून याची गोष्ट काढून दाखवेल. १९८९ साली इंग्लंडला जाताना त्यानं विमानात बिअरचे ५२ कॅन रिचवले अशी दंतकथा आहे, आणि त्या ॲशेसमध्ये, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या कसोटी मालिकेत, त्यानं धावाही केल्या. क्रिकेटच्या जगात ही गोष्ट कौतुकानं सांगितली जाते. जी कौतुकानं सांगितली जात नाही, ती आपण सांगायची. २००५ साली कार्डिफमध्ये बांगलादेशविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या रात्री ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स पिऊन आला, म्हणून त्याला संघातून वगळलं आणि ऑस्ट्रेलिया तो सामना हरली. २००९ मध्ये दारूवरूनच त्याला ट्वेंटी-२० विश्वचषकातून घरी पाठवलं. २००७ च्या विश्वचषकात इंग्लंडचा अँड्र्यू फ्लिंटॉफ रात्री पिऊन सेंट लुशियाच्या समुद्रात पेडलची होडी घेऊन गेला आणि त्याचं उपकर्णधारपद गेलं. दोघंही अफाट गुणवत्तेचे खेळाडू. पोरांना ही माणसं वाईट होती असं सांगू नका. एवढी ताकद अंगात असताना त्यांच्या हातून काय निसटलं, ते सांगा. पोरांना ते बरोबर कळतं.

तरी खरं सांगू? कोण खेळाडू घरी चार भिंतींआड काय पितो, याची मला फारशी चिंता वाटत नाही. पोरांना ते दिसत नाही. त्यांना दिसतं ते असं, की जिंकलं की बाटली येते. चषक, हार, फोटो आणि बाटली, सगळं एकाच चौकटीत. मोठं होणं म्हणजे काय याचं चित्र तिथं तयार होतं.

जाहिरातींचंही तसंच. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे, म्हणून त्याच नावाचा, त्याच रंगाचा सोडा येतो, पाणी येतं, मध्यंतरी तर म्युझिक सीडी येत होत्या. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा बंगळुरूच्या संघाचं नावच एका व्हिस्कीवरून पडलं. आमच्याकडच्या एका मुलानं किराणा दुकानात जाऊन "त्या जाहिरातीतला सोडा द्या" म्हणून मागितलं. दुकानदार म्हणाला, तो इथं नसतो, पलीकडच्या दुकानात विचार. पलीकडचं दुकान कसलं ते त्या मुलाला चांगलं ठाऊक होतं. त्यानं मला येऊन विचारलं, "सर, मग तो सोडा नाहीच का?" त्या जाहिरातीत दिसणारा लाडका फलंदाज आपल्याशी असं का वागतो, हे मुलाला समजावणं फार जड जातं. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. ज्या खेळाडूला आयुष्यभर पुरेल एवढं मिळालेलं आहे, त्यानं ही एक जाहिरात सोडली तर त्याचं काय अडणार आहे?

सोडणारेही आहेत. १९९६ च्या विश्वचषकात सचिनची बॅट कोरी होती, स्टिकर नव्हता. इतर काहींच्या बॅटवर सिगारेटची नावं होती आणि त्या स्पर्धेला नावही सिगारेटचंच होतं. दादरच्या कीर्ती कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या वडिलांना त्यानं तंबाखूची जाहिरात करणार नाही असा शब्द दिला होता. पुढं मद्याच्या ब्रँडलाही तो नाहीच म्हणाला. यावर लोक म्हणतात, असे पैसे बंद झाले तर खेळ कसा चालायचा? सिगारेटचं काय झालं ते आठवा. २००३ च्या कायद्यानं सिगारेटच्या जाहिराती आणि प्रायोजकत्वावर बंदी आणली, तरी क्रिकेटचा पैसा वाढतच राहिला. फ्रान्समध्ये १९९१ च्या कायद्यामुळे खेळाला दारूचं प्रायोजकत्व घेता येत नाही. तिथं रग्बी बंद पडलेलं नाही.

आणि शॅम्पेन? जानेवारी २०२२ मध्ये होबार्टला ऑस्ट्रेलियानं ॲशेसची शेवटची कसोटी जिंकली आणि चषक हातात घेतला. बाटल्या उघडल्या तसा त्यांचा फलंदाज उस्मान ख्वाजा बाजूला जाऊन उभा राहिला; तो मुस्लिम आहे, दारूपासून लांब राहतो. कर्णधार पॅट कमिन्सच्या ते लक्षात आलं. त्यानं बाटल्या खाली ठेवायला लावल्या, ख्वाजाला हाक मारून वर घेतलं, मग सगळ्यांचा फोटो झाला. तो व्हिडिओ मी प्रत्येक बॅचला दाखवतो. बाटली खाली ठेवल्यामुळे आनंदात काहीही कमी पडलेलं नाही, हे मुलांना दिसतं.

पण पालकहो, टीव्हीवरचा खेळाडू लांबचा आहे. तुमच्या पोराचा खरा हिरो गावातल्या टीमचा ओपनर आहे. टेनिस बॉलच्या स्पर्धा बघा. 'अमुक चषक', पहिलं बक्षीस रोख, टी-शर्टच्या पाठीवर परमिट रूमचं नाव. फायनल जिंकली की रक्कम हातात पडते आणि त्याच रात्री टीम बसते. बॉल आणून देणारी, स्कोअर लिहिणारी पोरं तिथंच घुटमळत असतात. त्यांनाच पिटाळतात, "जा रे, चकणा घेऊन ये, बर्फ सांग, ग्लास आण." दिवसभर ज्याच्या षटकारांवर पोरगं नाचलं, तोच त्याला शंभराची नोट देऊन म्हणतो, उरलेले तुला. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, पण ग्लास आणायला वयाची अट कोण बघतो? दोन-तीन वर्षांत तेच पोरगं टीममध्ये येतं. तेव्हा "एक घोट घे, काय होतंय" म्हणणारं कोणीतरी शेजारी बसलेलंच असतं. माझ्या हाताखालची दोन चांगली पोरं अशीच गेली. त्यातला एक डावखुरा होता, आऊटस्विंग असा टाकायचा की मी स्टंपमागे उभा राहून बघत बसायचो. ना त्याला सायमंड्स माहीत होता, ना शॅम्पेन.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की घरी सांगताना गावापासून सुरुवात करा. फायनलला पोरासोबत जा आणि बक्षीस वाटप झालं की त्याला घेऊन घरी या. ग्लास आणायला पोरांना पाठवू नका, हे मोठ्या पोरांना तोंडावर सांगा. ऐकतात, मी सांगून पाहिलंय. बहुतेकांना आजवर कोणी म्हटलेलंच नसतं.

यंदा आमच्याकडच्या स्पर्धेच्या आयोजकांना मी तीन गोष्टी सुचवल्या. टी-शर्टवर बारचं नाव नको, बक्षीस वाटप उजेडी व्हावं आणि रोख रकमेऐवजी किट द्यावं. टी-शर्टचा खर्च खताच्या दुकानदारानं उचलला, त्यामुळे ते लगेच जमलं. वाटप संध्याकाळी सहाला ठरलं. किटवर मात्र गाडी अडली आहे. पोरं म्हणतात, एका किटमध्ये अकरा जणांची वाटणी कशी करायची? त्यांचंही बरोबर आहे. प्रत्येकाला बूट देता येतील का, ते आता दुकानात विचारून येणार आहे.