एक पंजा आणि बाकीचे तीन

डिसेंबरचा पहिला आठवडा. टेबलावर तीन वर्षांचा पिवळसर लॅब्राडॉर, वजन 32 किलो, उजवा पुढचा पंजा उचलून धरलेला. सोबत कोथरूडचे काका आणि त्यांच्या हातात गोळ्यांच्या तीन रिकाम्या पट्ट्या. "डॉक्टर, गोळ्या चालू असतात तोवर बरं असतं. संपल्या की आठवड्यात पुन्हा फुगतं. ॲलर्जी आहे म्हणे, चारही पाय चाटतो."

चारही पाय चाटत होता यात शंकाच नव्हती. बोटांच्या बेचक्यातले केस गंजल्यासारखे तांबूस झाले होते. हा रंग लाळेतल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा, आणि फिक्या केसांच्या कुत्र्यावर तो चटकन ओळखता येतो. काळ्या कुत्र्यात रंग दिसत नाही, तिथं बोटं फाकवून वास घ्यायचा. आंबूस, शिळ्या पिठासारखा वास आला की यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा, संशय धरायचा.

पण फुगवटा एकाच पायाला होता. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये, वरच्या अंगाला, द्राक्षाएवढा. टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक. दाबलं की रक्तमिश्रित पातळ पू येई. त्या बाजूची खांद्यापुढची लसिका ग्रंथीही सुजलेली. चारही पंजे सारखेच खाजत असतील तर ॲलर्जी, यीस्ट, डेमोडेक्सचे (कातडीत राहणारे अतिसूक्ष्म) किडे, फरशी पुसायचं रसायन अशी कारणं शोधावीत. एकाच पंजाची एकच जागा भरून पुन:पुन्हा फुटत असेल तर आधी आत काय रुतलंय ते पाहावं. इथं दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्यात होत्या, आणि खाजेच्या आड गाठ झाकली गेली होती. पाच आठवड्यांत प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले होते. औषधानं जंतू मरतात, रुतलेली वस्तू जागची हलत नाही. औषध थांबलं की जंतूंना पुन्हा तेच घर मोकळं.

"दिवाळीनंतर टेकडीवर नेलं होतं का?"

"रोजच नेतो की. वेताळ टेकडी."

संशय गवताच्या कुसळावर गेला. बाकीच्या तपासण्या तरीही केल्या. पारदर्शक चिकटपट्टी बेचक्यात तीन-चार वेळा दाबून काचपट्टीवर लावली, रंगवली आणि तेलाच्या 100एक्स भिंगाखाली पाहिली. शेंगदाण्याच्या शेंगेसारख्या, मध्ये आवळलेल्या पेशींचे थवेच्या थवे. हे मॅलेसेझिया यीस्ट. डेमोडेक्ससाठी बोथट पात्यावर लिक्विड पॅराफिन घेऊन, कातडी चिमटीत दाबून, बारीक रक्त पाझरेपर्यंत खरवडावं लागतं. पंजावर हे फार दुखतं, म्हणून बेचक्यातले चिमूटभर केस मुळासकट उपटून तेही पाहिले. किडा सापडला नाही. ही पायरी वगळू नये. डेमोडेक्स असताना खाज थांबवायला स्टेरॉइड दिलं तर आठ दिवस बरं वाटतं आणि मग सगळं उफाळून येतं.

एक्स-रे काढला तो हाडाला धक्का लागलाय का, काच किंवा तार आहे का, एवढ्यासाठी. गवत एक्स-रेवर दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नसतो. सोनोग्राफीत कधी कधी बारीक चमकदार रेघ सापडते, पण त्यासाठी जास्त फ्रीक्वेन्सीचा प्रोब आणि सरावलेला हात लागतो.

गुंगी दिली, केस काढले, भोकातून सलाइनचा फवारा मारला. मॉस्किटो फोर्सेप्स हा बारीक चिमटा आत घातला तर पहिल्यांदा केसांचा पुंजका आणि मऊ लाल मांसच आलं. मोह होतो इथंच थांबायचा. पण वाट अजून मनगटाच्या दिशेनं वर जात होती. भोक जरा रुंद केलं, पुन्हा धुतलं, टोक न उघडता हळूच पुढं सरकवलं आणि साधारण तीन सेंटिमीटरवर काहीतरी खरखरीत लागलं. बाहेर आलं ते कुसळ. शेपूट तुटलेलं, सेंटिमीटरभर, तपकिरी.

कुसळी गवताच्या बियांची रचनाच घुसायची आहे. टोक सुईसारखं आणि त्यावरची बारीक लव मागं वळलेली. त्यामुळं ते पुढं सरकतं, मागं येत नाही. वरचं लांब शेपूट दमट झालं की उलगडतं, वाळलं की पिळतं, आणि बी गिरमिटासारखं आत जातं. काकांच्या मोज्यात अडकलेलं एक अख्खं कुसळ काढून टेबलावर ठेवलं, वर पाण्याचा थेंब टाकला. शेपूट सावकाश फिरू लागलं. काका बराच वेळ वाकून पाहत होते.

जखम शिवली नाही. अशी वाट आतून भरत यायला हवी; वरून टाके घातले तर पू आत कोंडतो. कोणते जंतू आहेत ते कळायला पू कल्चरला पाठवला, रोज दोनदा सलाइननं धुणं, चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर. पट्टी पहिल्या दिवसापुरती. ओली पट्टी पंजावर राहिली तर कातडी कुजते.

मग उरलेल्या तीन पायांकडे वळलो. घरी दर फेरीनंतर, म्हणजे दिवसातून तीनदा, चारही पंजे अँटिसेप्टिकच्या पाण्यात बुडवले जात होते आणि तसेच ओले सोडले जात होते. पावसाळ्यापासून हे चालू होतं. यीस्टला ओलावाच हवा असतो, शिवाय त्या द्रावणानं कातडीची आगही होते. ते बंद केलं. त्याऐवजी क्लोरहेक्सिडिन-मायकोनॅझॉलचा शांपू आठवड्यातून दोनदा. टबमध्ये पंजे ठेवून घड्याळ लावून 10 मिनिटं फेस राहू द्यायचा, कारण लगेच धुतला तर औषध काम करत नाही. नंतर साधं पाणी, आणि प्रत्येक बेचकं सुती फडक्यानं कोरडं. हळद-तेलाचा लेपही नको म्हटलं. खाली काय चाललंय ते दिसत नाही आणि कुत्रा तो चाटत बसतो. (रॉकेल आणि गाडीचं जळकं तेल लावणारे अजूनही भेटतात. दोन्ही विषारी.)

अन्नाची ॲलर्जी तपासायला आठ आठवडे एकच ठरलेला आहार लागतो. त्यात एक बिस्कीटही चालत नाही, म्हणून ते जखम भरल्यावर सुरू करायचं ठरलं.

आश्विन ते मार्गशीर्ष टेकडीवरून आल्यावर बेचकी, काखा, कान आणि पापण्या बोटांनी चाचपायच्या. बेचक्यातले केस आखूड ठेवायचे. अचानक डोकं एका बाजूला झटकू लागला तर कानात, सलग शिंकू लागला तर नाकात कुसळ असू शकतं. त्याला रात्रभर थांबायचं नाही.

बाराव्या दिवशी भोक बुजलं होतं. काका कुसळ एका छोट्या बाटलीत घालून मागून घेऊन गेले. बाकीच्या तीन पंजांचे केस अजून तांबूसच होते. नवे येईपर्यंत दोन-तीन महिने ते तसेच दिसणार.