दोन नोड, एक डिस्क: काम फेन्सिंगपर्यंत आलंय

डेटाबेससाठी दोन सर्व्हरचा (नोडचा) क्लस्टर उभारायचा आहे: एक चालू, दुसरा राखीव, डिस्क दोघांत एकच. ती डिस्क नेटवर्कवरून देणारं आयस्कझी टार्गेट उभं राहिलं. दोन्ही नोड पोर्ट ३२६० वर लॉगिन करतायत आणि एकच लन (टार्गेटने दिलेली डिस्क) दोघांनाही दिसतंय. हा भाग पटकन उरकतो. खरा प्रश्न पुढचा आहे: लिहायचं कोणी?

फाइल सिस्टीम मी मुद्दाम साधी एक्सएफएस ठेवली आहे. ती एका वेळी एकाच नोडवर माउंट व्हायला हवी. दोघांनी एकदम केली तर मेटाडेटाची (फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या नोंदींची) वाट लागलीच म्हणून समजा. जीएफएस२ या क्लस्टर फाइल सिस्टीमला दोन्हीकडून माउंट केलेलं चालतं, पण तिच्यासोबत डीएलएम (नोडांमधली लॉक सांभाळणारी यंत्रणा) येतं, आणि अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह डेटाबेससाठी एवढा पसारा मला नको आहे.

वर कोरोसिंक (नोडांमधला संपर्क आणि मतं) आणि पेसमेकर (कुठली सेवा कुठे चालवायची ते ठरवणारा). दोन मतांत बहुमत दोनचंच, म्हणजे एक नोड पडला की कोरम (काम चालू ठेवायला लागणारं बहुमत) संपला. म्हणून एकट्या नोडलाही कोरम देणारं ‘टू_नोड: १’ लावलं, त्याबरोबर ‘वेट_फॉर_ऑल’ (सुरुवातीला दोन्ही नोड दिसेपर्यंत थांबणं) आपोआप चालू होतं. पण आता दोघांमधली केबल तुटली तर दोघेही स्वतःकडे कोरम आहे असंच धरणार. म्हणूनच फेन्सिंगशिवाय, म्हणजे संशयित नोडला तोडून बाजूला करण्याच्या सोयीशिवाय, दोन नोडचा क्लस्टर चालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी ‘फेन्स_स्कझी’ निवडलं. प्रत्येक नोड लनवर आपली की (ओळखीचा क्रमांक) नोंदवतो आणि नोंद असलेल्यालाच लिहिता येतं. चाचणीसाठी क्लस्टर नेटवर्कची केबल काढली, स्टोरेजची तशीच ठेवली. दोघेही जिवंत, दोघांनाही वाटतंय समोरचा गेला. ज्याने आधी दुसऱ्याची की उडवली तो जिंकला. हरलेल्याच्या लॉगमध्ये ‘रिझर्वेशन कॉन्फ्लिक्ट’ (डिस्कने लिहिणं नाकारलं) उमटलं. ती ओळ पाहून फार आनंद झाला! निवाडा डिस्कनेच केला आणि डेटा शाबूत राहिला.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. यात फक्त लिहिणं बंद होतं. मशीन चालूच राहतं, आणि व्हर्च्युअल आयपीही (चालू नोडसोबत फिरणारा पत्ता) त्याच्याकडेच अडकून राहू शकतो. तसं झालं तर तोच आयपी दोन ठिकाणी दिसेल. त्यामुळे वॉचडॉगला (तपासणी फसली की मशीन रीबूट करणाऱ्या सेवेला) ‘फेन्स_स्कझी_चेक’ जोडलं: की गेली की नोड रीबूट. क्लस्टरमध्ये परत यायला रीबूट लागतोच.

पुढचं काम मल्टिपाथचं, म्हणजे डिस्कपर्यंत एकाहून जास्त वाटांचं: दुसरा स्विच, त्यासाठीचं ‘फेन्स_एमपाथ’, प्रत्येक पाथवर कीची नोंद. आयस्कझीचा ‘रिप्लेसमेंट_टाइमआउट’ मुळात १२० सेकंद असतो, तोही बराच खाली आणायचा आहे, नाहीतर पाथ पडल्यावर आयओ (वाचणं-लिहिणं) तेवढा वेळ लटकून राहतो. टार्गेट अजून एकच आहे. त्याची जोडी डीआरबीडीने (नेटवर्कवरून डिस्कची प्रत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने) करायचा विचार आहे.