पूर-पेटीची प्रगती: बडोद्याच्या गच्चीवरून क्यूओ-१००

पुरात वीज आणि मोबाईल गेले तरी उपग्रहावरून ऐकता यावं, म्हणून हौशी रेडिओचं (हॅमचं) सामान मी एका पेटीत जमवतोय, आणि ती पेटी आता पूर्णपणे बॅटरीवर चालते. इन्व्हर्टर नाही, लॅपटॉप नाही, घरातल्या वायरिंगशी तिचा काडीचा संबंध नाही. जिन्याच्या वरच्या खोलीत ठेवली आहे आणि क्यूओ-१०० या उपग्रहाचा मधला बीकन (सतत येणारा खुणेचा सिग्नल) वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या आलेखावर, ठळक दिसतोय. पावसाळा सरता सरता इथवर पोचलो, म्हणजे खरी परीक्षा पुढच्या जूनमध्ये. तोवर जे हाती लागलंय ते लिहून ठेवतो. कारण डिश लावण्याबद्दल इंग्रजीत ढीगभर माहिती आहे, पण ती बहुतेक युरोपातल्या हवेसाठी. आपल्याकडचा पाऊस आणि आपल्याकडची उत्तरायण, म्हणजे संक्रांतीची पतंगबाजी, त्यात कुठेच नाही.

पेटी का, हे नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ऑगस्ट २०२४ अखेरीस विश्वामित्री ३५ फुटांच्या वर चढली, शहरात लष्कर बोलवावं लागलं. आमच्या बाजूला आधी वीज गेली आणि काही तासांनी मोबाईल. टॉवर आपल्या जागी उभा होता, फक्त त्याला वीज नव्हती. पाऊस पाडणारी तीच सिस्टीम पुढे कच्छवरून अरबी समुद्रात उतरली आणि ३० ऑगस्टला तिचं ‘आसना’ चक्रीवादळ झालं. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ होण्याची १९७६ नंतरची ती पहिलीच वेळ. वादळ म्हटलं की आपल्या तोंडी किनाऱ्यावरची नावं येतात: मे २०२१ चं तौक्ते दीव-उना पट्ट्यात आलं, जून २०२३ चं बिपरजॉय जखाऊजवळ. बडोद्याला मात्र वादळाचा फटका नदीतून बसतो. त्यामुळे माझ्या पेटीला ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा तीन दिवसांची संततधार आणि तळमजल्यावरचं पाणी यांची काळजी जास्त. म्हणून पहिला नियम असा, की पेटीतली एकही वस्तू पहिल्या मजल्याच्या खाली राहणार नाही. चार्जरसुद्धा नाही.

आता डिश. क्यूओ-१०० म्हणजे कतारच्या एस-हेल-२ या दूरसंचार उपग्रहावर बसवलेले हॅमचे दोन ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारी यंत्रं. उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये गेला आणि फेब्रुवारी २०१९ पासून आपल्यासाठी खुला झाला. हॅमसाठी भूस्थिर कक्षेतला हा पहिलाच. आपला हॅमसाठीचा उपग्रह हॅमसॅट आठवत असेल, २००५ साली पीएसएलव्हीवरून गेलेला. तो डोक्यावरून पळायचा आणि आपण यागी (दांड्यांचा दिशा धरणारा अँटेना) घेऊन त्याच्यामागे. हा जागचा हलत नाही. एकदा डिश लावली की लावली.

तो साधारण २६ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे बडोद्याहून बराच पश्चिमेला. हिशेब केला तर दिशा उत्तरेपासून २५१ अंश, क्षितिजापासून उंची जेमतेम ३१ अंश. सोसायटीतल्या सगळ्या डीटीएचच्या थाळ्या दक्षिण-आग्नेयेकडे आकाशात वर बघतात आणि माझी एकटीच भलतीकडे. शेजारच्या काकू कपडे वाळत घालताना म्हणाल्याच, “अहो, तुमची थाळी अशी अरबस्तानाकडे तोंड करून काय बघतेय?” म्हटलं, “काकू, माझं चॅनल तिकडेच लागतं.” त्यांनी भाच्याला बोलावून ती सरळ करून घ्यायचा सल्ला दिला.

डिश ९० सेंटिमीटरची ऑफसेट आहे, भंगारातून घेतलेली. युरोपात ६० सेंटिमीटरवर काम भागतं, पण आपण या उपग्रहाच्या पट्ट्याच्या कडेकडे येतो आणि पाऊसही धो धो, तेव्हा ९० च घ्या. ऑफसेट डिश इतक्या कमी उंचीला लावली की जवळजवळ उभीच दिसते. यात फायदा असा की तिच्यात पाणी साचत नाही, पालापाचोळा अडकत नाही. तोटा असा की पश्चिमेला काही बांधलं गेलं तर संपलं. वीस मीटरवरची इमारत आपल्या डिशपेक्षा बारा मीटरनं उंच झाली की उपग्रह तिच्यामागे जातो. समोरच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम सुरू आहे, आणि मजले किती हे विचारायला मी बिल्डरच्या माणसाकडे दोनदा चहा पिऊन आलो.

एलएनबीचा (डिशसमोरच्या रिसीव्हरच्या डोक्याचा) पीळ ही दुसरी गोष्ट. इतक्या पश्चिमेचा उपग्रह असल्यामुळे एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये जवळजवळ ६० अंश फिरवावा लागतो. डीटीएचवाल्यांच्या सवयीनं सरळ ठेवला तर नॅरोबँडचं (दोनपैकी अरुंद पट्ट्याच्या ट्रान्सपाँडरचं) उभं पोलरायझेशन, म्हणजे लहरींची उभी दिशा, निम्म्याहून जास्त हातचं जातं. आकडा पाठ करण्यापेक्षा कान लावून फिरवा, बीकन सर्वात जोरात येतो तिथे स्क्रू आवळा. एलएनबी पीएलएलचाच, म्हणजे फ्रीक्वेन्सी पक्की धरून ठेवणारा, हवा. साध्या डीआरओ एलएनबीची फ्रीक्वेन्सी उन्हात इतकी सरकते की एसएसबी (हॅमची अरुंद पट्ट्यातली बोलण्याची पद्धत) ऐकणं म्हणजे छळ. ९७५० मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरमुळे १०४८९.७५० चा बीकन खाली ७३९.७५० वर येतो आणि साधा आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीचा छोटा रिसीव्हर) तो आरामात पकडतो.

आता या वेळचा खरा शोध, आणि यासाठीच ही नोंद लिहायला बसलो. एलएनबीला पोलरायझेशन सांगायची पद्धत म्हणजे व्होल्टेज: १३ च्या आसपास उभं, १८ च्या आसपास आडवं. लिथियम आयर्न फॉस्फेटची चार सेलची बॅटरी १२.८ ते १३.४ वर बसते, म्हणजे बूस्टर वगैरे काही न लावता बॅटरी थेट बायस-टीमधून (सिग्नलच्याच वायरीत वीज घालणाऱ्या जोडणीतून) दिली की काम झालं. सुटसुटीत! पण उन्हात सोलर पॅनलनं चार्जिंग सुरू झालं की तीच बॅटरी १४.४ पर्यंत चढते. आता १४ ते १६ च्या मधल्या पट्ट्यात एलएनबीनं काय करावं याचा धरबंध नाही, प्रत्येक मेकचं वेगळं. माझ्याकडच्या दोघांपैकी एक गुपचूप उभाच राहिला. दुसरा भर दुपारी आडव्यावर गेला आणि अख्खा नॅरोबँड गायब, ढग आला की परत हजर! ऊन पडलं की सिग्नल जातो आणि आभाळ आलं की येतो, हे बघून कुणीही डिशच हलवत बसेल. उपाय स्वस्त आहे: १३ व्होल्टला पक्का बांधलेला बक-बूस्ट (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) मध्ये घाला, त्याच्या दोन्ही बाजूंना खरखर अडवणारे फेराइट. त्याची किरकोळ खरखर खालच्या फ्रीक्वेन्सीला दिसते, ७३९ ला काही नाही.

पावसाचं म्हणाल तर भीती होती तितकं वाईट नाही. सप्टेंबरातल्या जोरदार सरीत बीकन खाली आला, मागचा नॉइज वर आला, पण एसएसबीतलं बोलणं समजत होतं. त्याच वेळी खाली टीव्हीवर चौकोन चौकोन होऊन चित्र थिजलेलं. डिजिटल टीव्ही एका पायरीवरून थेट खाली कोसळतो, अरुंद पट्ट्यातला आवाज मात्र रडतखडत का होईना चालत राहतो. पावसापेक्षा जास्त त्रास दिला तो एलएनबीच्या वायरीच्या ओल्या एफ कनेक्टरनं. रबरी टेप ताणून गुंडाळा, आणि वायर खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या म्हणजे थेंब तिथून गळतील.

वीज: एलएनबी, डोंगल आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक मिळून आठ-नऊ वॉट. २० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २५६ वॉट-अवर, सतत चालवलं तर एक दिवस आणि वर थोडं. पॅनल ५० वॉटचं आहे, पण ज्या आठवड्यात पूर येतो त्या आठवड्यात सूर्य रजेवर असतो, तेव्हा त्याच्यावर भिस्त ठेवू नका. त्यापेक्षा दर तासाला ठरलेली दहा मिनिटं चालू ठेवा. बॅटरी मोठी घेण्यापेक्षा वेळ ठरवून घेणं कैक पटीनं स्वस्त पडतं.

“पण नुसतं ऐकून काय करणार?” हा प्रश्न येणारच. क्यूओ-१०० चं अपलिंक २४०० मेगाहर्ट्झवर आहे, त्याला वेगळा ट्रान्सव्हर्टर (फ्रीक्वेन्सी बदलणारा), वेगळा पीए (पॉवर अँप्लिफायर), आणि तो पीए बॅटरी पिऊन टाकतो. त्यात पडण्याआधी आपल्या लायसन्सच्या अटी नीट वाचा. तूर्तास बाहेर निरोप पाठवायला माझ्याकडे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा पॅकेट डिजिपीटर (छोटे लेखी निरोप ऐकून परत पाठवणारा रेडिओ) आहे: १४५.८२५ मेगाहर्ट्झ, पाच वॉटचा हँडी, हातातली तीन एलिमेंटची यागी. व्हीएचएफवर डॉप्लर (स्थानकाच्या वेगामुळे फ्रीक्वेन्सी सरकणं) इतका कमी की एफएममध्ये काही फिरवावं लागत नाही. पास दहा-एक मिनिटांचा. मात्र स्थानकावरची मंडळी तोच रेडिओ कधी व्हॉइस रिपीटरला लावतात, कधी बंद ठेवतात, त्यामुळे त्याला मी आधार म्हणत नाही, जोड म्हणतो.

आणि याच निमित्तानं माझं मत पक्कं झालंय: आपत्तीत आवाजाचा हट्ट सोडा. अशा पॅकेट निरोपांच्या एपीआरएस पद्धतीत एका निरोपात ६७ अक्षरं बसतात, तीही रोमन. जागा, माणसं किती, काय हवं, किती वाजता. एवढं ६७ मध्ये बसतं. सरावाच्या वेळी आमच्या ग्रुपमध्ये एकानं अर्धा पास नमस्कार-चमत्कारात घालवला, तोवर स्थानक भोपाळच्या पलीकडे.

सॅटेलाइट फोनबद्दल विचारणाऱ्यांना: आपल्याकडे परवानगीनं मिळतो तो इनमारसॅटच्या उपग्रहांवर चालणारा, बीएसएनएलमार्फत. एल-बँडवर असल्यानं पावसाचा त्याला फारसा फरक पडत नाही, आणि प्रशासनासाठी तोच योग्य. दुबईहून कुणी मामेभाऊ स्वस्तात थुराया कंपनीचा सॅटेलाइट फोन आणून देतो म्हणाला तर हात जोडा. परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच लोक पकडले गेलेत. समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांसाठी इस्रोचा संकट-सूचक ट्रान्समीटर वेगळा असतो, तो आपल्या खेळण्यातला नाही.

हवामानाच्या चित्रांची बाजू थोडी पडली आहे. नोआ १५, १८ आणि १९ हे अमेरिकेचे तिन्ही हवामान उपग्रह २०२५ मध्ये बंद केले गेले, त्यामुळे एपीटीची (त्यांच्या चित्रांच्या सिग्नलची) ती टिक-टॉक आता नाही. १२० अंशाचा व्ही-डायपोल अँटेना, ५३ सेंटिमीटरच्या दोन काड्या, तोच आता रशियाच्या मिटिऑर हवामान उपग्रहांच्या एलआरपीटी या डिजिटल चित्र-सिग्नलवर वळवलाय. एम२-४ छान येतो. एम२-३ कमजोर, त्याचा अँटेना नीट उघडलेलाच नाही. अरबी समुद्रातला ढगांचा भोवरा इंटरनेटशिवाय स्वतःच्या गच्चीवर उतरवण्यात वेगळीच मजा आहे.

पुढचं काम: उत्तरायणाआधी डिशचा हात आणि एलएनबी उतरवून आत ठेवणं. गेल्या वर्षी मांजा को-अॅक्समध्ये गुंतला आणि खालून कुणीतरी जीव खाऊन ओढला, वायरचं वरचं आवरण सोलून निघालं. दोन दिवस गच्ची आपली नसतेच, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. उतरवलेलं सगळं परत त्याच जागी बसावं म्हणून नळीवर आणि क्लॅम्पवर रंगाची खूण केली आहे. भरूच, सुरतकडे कुणी ९० ऐवजी ७५ सेंटिमीटरवर क्यूओ-१०० ऐकत असेल तर भर पावसातले बीकनचे आकडे कळवा. आणि एलएनबी कोणत्या व्होल्टेजला आडवा होतो ते आपापल्या पीसवर मोजून मेकसकट टाका, एक यादी करू या.