जूनअखेरचा डॉर्फमन

जून संपत आला की लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये शाळकरी पोरांचा गलका सुरू व्हायचा. ‘कनेक्शन्स’चा आठवडा! 1995पासूनचा हा रिवाज. दरवर्षी नाटककारांकडून खास मुलांसाठी दहाएक नवी नाटकं लिहून घ्यायची, ब्रिटनभरच्या शाळांनी आणि युवासंघांनी (बहुतेक वर्षी अडीचशे-तीनशे!) त्यांतलं एकेक निवडायचं आणि 13 ते 19 वयाच्या पोरांनी ते उभं करायचं. करंडक नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. तरी शेवटच्या महोत्सवाला प्रत्येक नाटकाचा एकच प्रयोग निवडतात, त्यामुळे धाकधूक असायचीच.

सुरुवात व्हायची हिवाळ्याच्या तोंडावर, बसवणाऱ्या शिक्षकांच्या शिबिराने. नाटककार समोर असल्यामुळे संहितेतल्या शंका तिथेच मिटायच्या. मग आपापल्या शाळेत प्रयोग. नॅशनलने धाडलेला दिग्दर्शक तो पाहून अभिप्राय द्यायचा. त्यानंतर जवळच्या व्यावसायिक नाट्यगृहात दुसरा प्रयोग, आणि खरी फजिती इथे. शाळेच्या हॉलच्या मापाने ठोकलेलं नेपथ्य इथे बसत नाही. नेपथ्य लावणं, प्रकाशयोजना, तांत्रिक तालीम हे सगळं एका दिवसात उरकायचं, त्यात मंच दुसऱ्या संघाबरोबर वाटून घ्यायचा. शाळेत हौसेने बसवलेले ढीगभर लाइट क्यू (कुठल्या क्षणी प्रकाश बदलायचा त्या सूचना) भरायलाच वेळ पुरत नाही. चार खुर्च्या नि एक टेबल घेऊन आलेले संघ मात्र निवांत चहा पीत बसलेले असायचे.

शेवटचा मुक्काम नॅशनलमधलंच डॉर्फमन थिएटर. जेमतेम साडेचारशे प्रेक्षकांचं, तिन्ही बाजूंनी सज्जे असलेलं. शाळेच्या हॉलमध्ये नाकासमोर, शेवटच्या रांगेकडे बघून बोलायची सवय लागलेली पोरं इथे गोंधळतात, कारण निम्मी डोकी वरून, कठड्यावरून वाकून बघत असतात. मान उचलून वाक्य टाकायला शिकवलेलं असेल तर सज्जा लगेच हसतो. आणि ओरडायचं नाही. हॉलमधली पट्टी इथे कानठळ्या बसवते.

1977 साली उघडलेल्या या रंगमंचाचं आधीचं नाव कॉट्स्लो. नूतनीकरणानंतर 2014मध्ये त्याला लॉइड डॉर्फमन यांचं नाव मिळालं. त्यांनी 1 कोटी पौंड दिले होते. देणगीदाराचं नाव दारावर लागलं की नाकं मुरडली जातात, पण या गृहस्थाने नाटकवाल्यांशी संबंध आधीच, आपल्या धंद्यामार्फत, जोडला होता. 1976मध्ये, म्हणजे नॅशनल थिएटर आपल्या काँक्रीटच्या इमारतीत आलं त्याच वर्षी, त्यांनी लंडनमध्ये एका दुकानापासून चलनबदलाचा धंदा सुरू केला. तोच पुढे ट्रॅव्हलेक्स म्हणून विमानतळोविमानतळी पोचला. या धंद्यात कमाई खरेदी-विक्रीच्या भावांतल्या फरकावर. नोटा जास्त भरून ठेवल्या आणि भाव पडला तर तोटा; कमी ठेवल्या तर गिऱ्हाईक पुढच्या खिडकीवर. म्हणून पैसा फिरता हवा.

2003च्या उन्हाळ्यात नॅशनलचे तेव्हाचे संचालक निकोलस हाइटनर यांनी तिथल्याच ऑलिव्हिए या मोठ्या रंगमंचावर दोन-तृतीयांश खुर्च्या 10 पौंडांना ठेवल्या, उरलेल्या 25ला. प्रायोजक ट्रॅव्हलेक्स. हिशेब धंद्यासारखाच: दर कमी, उलाढाल मोठी. मात्र त्यासाठी नेपथ्याचा खर्च छाटावा लागला, मोकळ्या मंचावर तोलतील अशी नाटकं घ्यावी लागली. पुढे तिकीट 12 झालं, मग 15, तरी योजना बरीच वर्षं टिकली. खुर्ची-टेबलावर नाटक पेलता येतं हे शिक्षकांनी पोरांना घसा कोरडा करून सांगायचं. मोठ्यांच्या मंचावर ते दहा पौंडांत दिसायचं.

महोत्सवात एका संध्याकाळी दोन नाटकं. मध्यंतरात पहिल्या संघाची पोरं रडत, मिठ्या मारत विंगेत, आणि मंचावर बॅकस्टेजवाले खुर्च्या उचलतायत. दुसऱ्या संघाच्या खुणांची टेप दुपारीच जमिनीवर चिकटवलेली असते, वेगळ्या रंगाची.