पऱ्हाटीच्या मागावर: हिंगणघाट, वाडी, औंध

दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या शेतकरी कंपनीकडे एक गृहस्थ आले होते. पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या काड्यांपासून, पेलेट (भट्टीत जाळायच्या दाबलेल्या बारीक गोळ्या) करायचा कारखाना टाका, निम्मे पैसे सरकार आगाऊ देतं, फाइल मी काढून देतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांना दोन लाख रुपये आधी हवे होते. संचालकांपैकी काहींना ते पटलंही होतं. तेव्हा आमचे अध्यक्ष काका म्हणाले, "सरकार पैसे देते म्हणून कारखाना टाकाचा, का पऱ्हाटी हाय म्हणून टाकाचा? आधी पाहून येऊ."

म्हणून 5 जानेवारीच्या सोमवारी आम्ही चौघं हिंगणघाटहून निघालो. काका, दोन संचालक भाऊ आणि हिशेब पाहणारी मी. चार दिवसांत जे पाहिलं आणि विचारलं ते इथे लिहिते आहे. आमच्यासारख्या बऱ्याच गटांकडे असे गृहस्थ येत असणार.

पहिला मुक्काम नागपूर. अमरावती रोडवर वाडीला कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं, म्हणजे 'सिरकॉट'चं, जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. मूळ संस्था मुंबईत माटुंग्याला, पण पऱ्हाटीपासून कांडी कोळसा (भुसा दाबून केलेल्या जाड कांड्या) आणि पेलेट करायच्या कामाशी वाडीच्या केंद्राचा जुना संबंध. विदर्भातल्या माणसाने सुरुवात इथूनच करावी. जाण्याआधी पत्र किंवा मेल करा, सोबत कंपनीच्या नोंदणीची प्रत ठेवा, आणि मुख्य म्हणजे एका पोत्यात आपल्या शेतातली वाळलेली पऱ्हाटी न्या. आम्ही हात हलवत गेलो नाही याचा फायदा झाला. काडी हातात असली की बोलणं लगेच ओलावा, साल, माती यांवर येतं.

तिथून निघताना वहीत एक हिशेब मांडला, आणि सगळ्या दौऱ्याचा रोख त्यानेच बदलला. पऱ्हाटी हेक्टरी साधारण दोन टन धरतात. ताशी एक टन क्षमतेचं यंत्र दिवसाला दहा तास आणि वर्षाला 300 दिवस चालवायचं तर 3,000 टन माल लागतो, म्हणजे 1,500 हेक्टर. एकरात सांगायचं तर जवळपास 3,700 एकर, तेही एकाही शेतकऱ्याने नाही म्हटलं नाही तर. आमचे सभासद 400च्या आसपास, सरासरी चार एकर कापूस. म्हणजे 1,600 एकर. निम्मासुद्धा माल होत नाही. सगळ्यात लहान म्हणून सांगितलेल्या यंत्राची ही गोष्ट.

त्यात ही पऱ्हाटी वर्षभर थोडी थोडी येत नाही. जानेवारी ते मार्चमध्ये एकदम येते, आणि जूनच्या आत कोरड्या शेडमध्ये गेली नाही तर कामातून जाते. बांधावर ढीग लावून ठेवायची सोयही नाही, कारण गुलाबी बोंडअळीचे कोष त्याच ढिगात टिकतात. फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवरचं पुढचं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी लवकर काढा, शेताजवळ साठवू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. इथे मात्र शेतकऱ्याची गरज आणि कारखान्याची गरज जुळते. पऱ्हाटी जागेवरच बारीक करून लगेच उचलली तर बोंडअळीलाही आळा बसतो आणि ट्रॉलीत वजनही बसतं. अख्ख्या काड्यांची ट्रॉली दिसायला डोंगर असते, पण काट्यावर हलकी भरते आणि डिझेल तेवढंच जळतं.

दुसऱ्या दिवशी एक चालता कारखाना पाहिला. मालकांनी नाव लिहू नका म्हटलं, म्हणून गाव आणि नाव दोन्ही सांगत नाही. कांडी कोळसा आणि पेलेट असे दोन्ही प्रकार ते करतात. कांडी मनगटाएवढी जाड, ती थेट बॉयलरच्या भट्टीत जाते. पेलेट करंगळीपेक्षा बारीक. मालकांनी आम्हाला ऑफिसात बसवलंच नाही, सरळ यंत्रापाशी नेलं आणि उतरवून ठेवलेली जुनी डाय हातात दिली. पोलादाचं जाड कडं, त्यात शेकडो भोकं; त्यांतूनच भुसा दाबून पेलेट निघते. कोऱ्या डायशेजारी धरली तेव्हा फरक दिसला: भोकांची तोंडं पसरट झाली होती, बोट फिरवलं तर कडा लागतच नव्हत्या. "हे मातीनं खाल्लं," ते म्हणाले. चिमट्याने किंवा ट्रॅक्टरने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाशी आपली काळी माती चिकटून येते. ती झटकली नाही तर काड्यांचा भुसा करणाऱ्या हॅमर मिलमधून थेट डायमध्ये जाते आणि पोलाद घासते. त्यामुळे आता ते मुळासकट आलेल्या मालाला भाव कमी देतात आणि जमिनीलगत कापलेल्याला जास्त. गेटवर एक मुलगा ओलावा मोजायचं यंत्र घेऊन उभा होता. दहा-बारा टक्क्यांच्या वर ओल असलेली ट्रॉली वेगळ्या ढिगात जाते.

त्यांनी एक पेलेट पाण्याच्या पेल्यात टाकून दाखवली. मिनिटभरात फुगून भुसा झाला. पावसाळ्यात एका रात्री शेडच्या पत्र्यातून गळून त्यांचा माल असाच गेला होता. शेडवर काटकसर करू नका, हे वाक्य त्यांनी आम्हाला तीनदा सांगितलं.

अनुदानाबद्दल त्यांनी एवढंच विचारलं, "ते आलं नाही असं धरून तुमचा कारखाना चालतो का?" आम्ही गप्प झालो. तो हिशेब आम्ही केलाच नव्हता.

बाजाराचंही तिथेच कळलं. कोराडी, खापरखेडा, मौदा ही औष्णिक केंद्रं जवळ आहेत, आणि कोळशासोबत ठरावीक टक्के जैवइंधन जाळण्याचं बंधन केंद्राने औष्णिक केंद्रांवर घातलेलं आहे. पण तिथली खरेदी निविदेने होते आणि माल मोठ्या प्रमाणात, ठरलेल्या दर्जाचा लागतो. लहान माणसाचं गिऱ्हाईक म्हणजे एमआयडीसीतले बॉयलर. नागपुरात स्मशानघाटांवर शेतातल्या अशाच कचऱ्याच्या कांड्या 'मोक्षकाष्ठ' म्हणून लाकडाऐवजी वापरतात, तोही एक मार्ग आहे. यंत्र घेण्याआधी निदान दोन गिऱ्हाइकांशी लेखी बोलणं करा.

बुधवारी अजनीहून वंदे भारतने पुण्याला गेलो. ही गाडी ऑगस्ट 2025 पासून सुरू आहे. दिवसभराचा बसून प्रवास, रात्री पुणे. वर्ध्यालाही थांबते. आठवड्यातून एक दिवस नसते, तेवढं पाहून तिकीट काढा. मुक्काम स्टेशनजवळ न करता शिवाजीनगर किंवा औंधकडे केलात तर सकाळ वाया जात नाही.

'महाऊर्जा'चं, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जेच्या संस्थेचं, मुख्य कार्यालय औंध रोडला, स्पायसर कॉलेजच्या समोर आहे. शनिवार-रविवार सरकारी कार्यालयं बंद असतात, म्हणून लांबून येणाऱ्याने बुधवार-गुरुवार धरावा. खरं तर नागपूर, अमरावतीलाही महाऊर्जाची विभागीय कार्यालयं आहेत. आधी तिथे जा, आणि तिथे उत्तर न मिळालेले प्रश्न असतील तरच पुण्याचा खर्च करा. आम्ही उलटं केलं आणि चार तिकिटं जास्त काढली.

आता पैशाचं नीट सांगते. हे अनुदान राज्याचं नाही. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर झाला. त्यात शेतकचऱ्याच्या कांड्या-पेलेट, कचऱ्यापासून ऊर्जा आणि बायोगॅस असे तीन भाग आहेत. अर्ज मंत्रालयाच्या 'बायोऊर्जा' पोर्टलवर ऑनलाइन. कांडी कोळशाला ताशी एक टन क्षमतेमागे 9 लाख रुपये, एका प्रकल्पाला जास्तीत जास्त 45 लाख. साध्या पेलेटला 2024 पासून ताशी एक टनामागे 21 लाख, किंवा तेवढ्या क्षमतेच्या यंत्रसामग्रीसाठी धरलेल्या खर्चाच्या 30 टक्के, यांतलं जे कमी असेल ते, कमाल 1 कोटी 5 लाख. भाजून कोळशासारख्या केलेल्या पेलेटला त्याच्या दुप्पट, म्हणजे टनामागे 42 लाख आणि कमाल 2 कोटी 10 लाख. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांचं "निम्मे" यात कुठेच बसत नाही.

"आगाऊ"ही बसत नाही. आमच्या प्रकारात आधी अर्ज, मग तत्त्वतः मान्यता, मग तुम्ही आपल्या आणि बँकेच्या पैशाने कारखाना उभा करायचा, चालवायचा, तपासणी करून घ्यायची, आणि त्यानंतर पैसे. कर्ज असेल तर रक्कम कर्जखात्यात जाते असं धरून चाला. जून 2025 च्या सुधारणांनी लहान माणसाचं ओझं बरंच हलकं केलं आहे. पूर्वी तपासणीत 80 टक्के क्षमतेने दिवसाला सरासरी 16 तास, सलग तीन दिवस यंत्र चालवून दाखवावं लागायचं. आता दहा तासांवर आलं आहे. 80 टक्क्यांच्या वर चाललं तर पूर्ण अनुदान, खाली गेलं तर त्या प्रमाणात कमी. कारखान्याच्या नोंदी आपोआप ठेवणाऱ्या महागड्या स्काडा यंत्रणेऐवजी इंटरनेटला जोडलेल्या साध्या यंत्रणेवर किंवा दर तिमाहीला माहिती देऊन भागतं. विक्रीसाठी आधी दोन वर्षांचा करार मागत, आता साधा विक्री करार चालतो. हे बदल योग्य झाले असं मला मनापासून वाटतं. तीन दिवस 16 तास यंत्र चालवायला लागणारा माल गोळा करतानाच आमच्यासारख्यांचा दम गेला असता.

त्या दहा तासांची तयारी मात्र आधीपासून ठेवा. कोरडा, बारीक केलेला, माती झटकलेला माल शेडमध्ये, कोरी डाय जवळ, आणि वीज कधी जाते याचा अंदाज. क्षमता कागदावर फुगवून दाखवू नका. दोन टनाचं यंत्र दाखवून एक टन काढलात तर अनुदान तेवढ्या प्रमाणात घटतं आणि कर्ज मात्र दोन टनांचं राहतं. जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, अनुदानासाठी नवं लागतं. तत्त्वतः मान्यतेचा कागद हातात येण्याआधी यंत्राचं बटण दाबू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, उद्यम नोंदणी, जागेचे कागद आणि वीजजोडणी ही कामं एकामागून एक न करता एकत्र सुरू करा.

आणखी एक आकडा बँकेत जाण्याआधी मांडा. 21 लाख अनुदान वर्षभर उशिरा आलं आणि कर्ज 11 टक्क्यांचं असलं तर 2 लाख 31 हजार रुपये व्याज तुमच्या खिशातून जातं. ते पहिल्या दिवसापासून खर्चात धरा.

गॅसवाल्यांसाठी थोडक्यात: संकुचित बायोगॅसच्या नव्या प्रकल्पाला दिवसाला 4,800 किलोमागे 4 कोटी, कमाल 10 कोटी. तिथे आता संचालनाची संमती मिळाल्यावर बँक हमी देऊन निम्मं अनुदान घेता येतं, उरलेलं 80 टक्के क्षमता गाठल्यावर. बायोगॅस प्रकल्पांसाठीच्या केंद्राच्या 'गोबरधन' पोर्टलवर नोंदणी विसरू नका. त्याच प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला टनामागे 1,500 रुपये विपणन सहाय्य आहे. घरच्या शेणाच्या बायोगॅसला आकाराप्रमाणे 9,800 ते 70,400 रुपयांपर्यंत मिळतात. त्यासाठी पुणं गाठायची गरज नाही, जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात विचारा. माझं मत विचाराल तर दोन गाई असलेल्या घराने पेलेटच्या आधी हे करावं.

आणि तारीख. वर सांगितलेला कार्यक्रम 2025-26 या आर्थिक वर्षापर्यंतचा आहे. तुम्ही मार्च 2026 नंतर जाणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा की आता कोणते नियम आणि कोणते दर लागू आहेत. वर लिहिलेले आकडे जसेच्या तसे प्रकल्प अहवालात उतरवू नका.

परतीच्या गाडीत एका भाऊंनी विषय काढला, जो चार दिवस माझ्या डोक्यात होता. आमच्या गावात मजूर बायका पऱ्हाटीचे भारे डोक्यावर नेतात. वर्षाची चूल त्यावर असते. सिलेंडर घरात आहे, पण भरायला पैसे नसतात. आपण टनाला भाव दिला की कोणता शेतकरी तो भारा फुकट देईल? या प्रश्नावर कुठल्याच अर्जात रकाना नाही. शेवटी आम्ही आपसात ठरवलं की कारखाना झाला तर दर एकरातला पहिला भारा त्या बायकांचा, आणि तो आपल्या खरेदीच्या करारात लिहायचा. पाहूया, सभासद मान्य करतात का. मी तरी त्यासाठी भांडणार आहे.

कारखान्याचं मात्र यंदा नाही, असं ठरलं. या हंगामात श्रेडर भाड्याने आणायचा, 50 एकरांची पऱ्हाटी बारीक करून त्या मालकांच्याच कारखान्यात विकायची, आणि प्रत्येक ट्रॉलीचं वजन, ओलावा आणि डिझेल वहीत लिहायचं. बँकेपुढे आणि पोर्टलवर जायचं ते ही वही घेऊनच.

परवा काकांच्या शेतातला पहिला एकर झाला. जिनिंगच्या काट्यावर ट्रॉली चढवली: 7 क्विंटल 60 किलो. काकांनी मुळं झटकायला लावली आणि परत चढवली. 7 क्विंटल 10.