तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाला अंड्यातलं पांढरं कधी द्यायचं?

प्रश्न जवळजवळ नेहमी याच शब्दांत येतो: "सहा महिने झाले, अंडं सुरू केलंय, पण फक्त बलक देतोय. पांढरं वर्ष झाल्यावरच ना?"

नाही. सहा महिने पूर्ण झाले, मान धरली, आधाराने बसता येतंय, चमचा तोंडात घातल्यावर जीभ घास बाहेर ढकलत नाही, म्हणजे अंडं सुरू करायला हरकत नाही. आणि तेही अख्खं, पांढरं आणि बलक एकत्र. अट एकच: पूर्ण शिजलेलं हवं.

'पांढरं वर्षानंतर' हा सल्ला आला कुठून? ज्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः पांढऱ्यात असतात, तेव्हा ते जितकं उशिरा तितकं बरं, असा सरळ तर्क होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या बाळांना दोन वर्षांपर्यंत अंडंच नको, असं सांगितलं होतं. उशीर करून अ‍ॅलर्जी टळते याला पुरावा मिळेना, म्हणून २००८ मध्ये हा सल्ला मागे घेतला गेला. आपल्याकडे तो आजी, शेजारी आणि जुन्या छापील तक्त्यांमधून अजून फिरतोय. शिवाय नुसता बलक म्हणून जो दिला जातो त्याला पांढऱ्याचा थोडा अंश चिकटलेला असतोच.

उशीर का महागात पडतो? घरात अंडं शिजतं, हाताला लागतं, बाळाच्या कातडीपर्यंत पोचतं. एक्झिमाने (कातडी कोरडी पडून खाज सुटणाऱ्या आजाराने) कातडी फाटलेली असेल तर शरीराची अंड्याशी पहिली ओळख तिथून होते, आणि ती शत्रू म्हणून होण्याची शक्यता जास्त. पोटातून झालेली ओळख बहुधा सलोख्याची असते. जपानमध्ये एक्झिमा असलेल्या बाळांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड रोज ५० मिलिग्रॅम, नवव्या महिन्यापासून २५० मिलिग्रॅम, आणि बरोबरीने एक्झिमावर नेटाने उपचार. बाळं वर्षाची झाली तेव्हा अंड्याची अ‍ॅलर्जी पूड घेतलेल्यांत ८ टक्क्यांना, न घेतलेल्यांत ३८ टक्क्यांना. सुरुवातीचे ५० मिलिग्रॅम म्हणजे उकडलेल्या अंड्याच्या हिशेबात जेमतेम ०.२ ग्रॅम, नखावर मावेल एवढं. याउलट कच्च्या अंड्याची पूड वापरलेल्या एका जर्मन अभ्यासात काही बाळांना तीव्र त्रास झाला. उष्णतेने पांढऱ्यातल्या काही प्रथिनांची घडी मोडते आणि ती सौम्य होतात. म्हणून हाफ फ्राय, अर्धकच्चं, घरचं मेयोनीज बाळाला नको. कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेला जंतूची भीती आहेच, पण कारण तेवढंच नाही.

एक्झिमा जास्त असेल किंवा दुसऱ्या कशाची अ‍ॅलर्जी आधीच दिसली असेल, तर पहिला घास डॉक्टरांशी बोलून द्या. बाकीच्या बाळांची 'आधी रक्त तपासून घेऊ' म्हणून चाचणी करू नका. चाचणी पॉझिटिव्ह येऊनही अंडं छान पचवणारी बाळं असतात, आणि कागद बघून घरचे उगाच अंडं बंद करतात.

आता प्रत्यक्ष कृती. अंडं गार पाण्यात ठेवून गॅस लावा आणि उकळी आल्यापासून १२ मिनिटं मोजा. अगदी ताज्या अंड्याचं टरफल पांढऱ्याचे लचके घेऊन निघतं. चार-सहा दिवसांचं नीट सोलतं. सोलल्यावर खरी मेख. बलक कोरडा, टाळूला चिकटणारा. पांढरं रबरासारखं, घशात घसरणारं. नुसतं काट्याने चेचून भागत नाही. पांढरं बारीक भोकांच्या किसणीवर किसा, त्यात बलक कुस्करा आणि अंगावरचं दूध किंवा उकळून कोमट केलेलं पाणी चमचा-चमचा घालत चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकं सैल करा. बाळ खिमट खात असेल तर त्यातच कालवा. नवी चव ओळखीच्या चवीत खपते. मीठ-साखर नको.

दिवस कुठला? आपल्याकडे अंडं रविवारी, आणि नेमका त्या दिवशी दवाखाना बंद. मधल्या वाराची सकाळ निवडा, झोपेची वेळ नसलेली. बाळाला सर्दी-ताप नको, आदल्या दिवशी लस टोचलेली नको, त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नको. तोंडाभोवती आधी व्हॅसलीनचा हात फिरवा, म्हणजे लाळ आणि अन्न लागून येणारा लालसरपणा टळतो. त्या लालीला घाबरून अंडं सोडलेली घरं बरीच. ओठाला लावून बघण्याचा खटाटोप नको. चहाच्या चमच्याचा चौथा हिस्सा भरवा, पंधरा मिनिटं थांबा, बाळ मजेत असेल तर आणखी तेवढंच. मग दोन तास नजर ठेवा. पुढच्या खेपेला एक चमचा, मग दोन. आठ-दहा दिवसांत पाव अंड्यापर्यंत पोचता येतं.

अ‍ॅलर्जी असेल तर बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत कळतं: अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते. एवढंच असेल तर अंडं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. खोकला, श्वासात घरघर, आवाज बसणं, बाळ पांढरं पडून मलूल होणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच १०८. तोवर बाळाला आडवं ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर. खांद्यावर उभं धरून फेऱ्या मारू नका. अशा वेळी उपयोगी पडतं ते अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. घरातलं अ‍ॅलर्जीचं सिरप पाजत बसू नका. आणखी एक प्रकार फसवा आहे: अंगावर काही नाही, पण खाल्ल्यावर एक ते चार तासांनी एकामागून एक उलट्या आणि बाळ गळून जातं. घरात दृष्ट काढली जाते, दुसऱ्या वेळी परत तेच होतं. असं एकदा जरी झालं तरी दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना काय खाल्लं ते घड्याळासकट सांगा.

"केक खाल्ला होता, काही झालं नाही" हे पुरावा म्हणून चालत नाही. मैद्यात मिसळून अर्धा तास भट्टीत भाजलेलं अंडं सगळ्यात सौम्य. अ‍ॅलर्जी असलेल्यांतलीही बरीच मुलं ते पचवतात आणि उकडलेल्या अंड्याला मात्र गांधी येतात.

नऊ महिन्यांच्या पुढे किसणीची गरज संपते. दोन्ही बाजूंनी नीट शिजलेल्या पातळ ऑम्लेटच्या बोटभर पट्ट्या हातात द्या, किंवा तुपावर कोरडी होईपर्यंत परतलेली भुर्जी मऊ भातात.

गावरान की बॉयलर? (बॉयलर म्हणून विकली जाणारी अंडी असतात लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेल्या कोंबडीची, पण नाव रुळलंय.) अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने फरक नाही, बलकाचा रंग कोंबडीच्या खाद्यावर ठरतो. बलकाभोवती हिरवट कडं दिसलं तर अंडं खराब नाही, जास्त उकळलंय. आणि 'गरम पडतं' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा बद्धकोष्ठ झालेलं असतं: अंड्यात चोथा नाही. बरोबर पपई आणि अधूनमधून पाण्याचे घोट द्या. गोवर-रुबेलाची लस अंड्याच्या अ‍ॅलर्जीमुळे टाळायची नसते. अंड्यातलं लोह अंगी फारसं लागत नाही, त्यामुळे लोहाचं औषध चालू असेल तर ते चालूच ठेवा.

सुरुवात उत्साहात होते आणि गाडी अडते ती पुढे. आठवडाभर अंडं दिलं, मग सर्दी झाली, मग श्रावण लागला, की दोन महिने खंड. अंड्याची ओळख टिकायला ते आठवड्यातून दोन-तीनदा पोटात जायला हवं, सगळं मिळून एक अंडं झालं तरी पुरे. मोठ्यांचा श्रावण असेल तर बाळापुरतं एक अंडं वेगळ्या पातेल्यात उकडा. आणि खंड पडलाच, तर परत चमच्याच्या चौथ्या हिश्शापासून, पुन्हा मधल्या वारी सकाळीच.